दुपारचं मंडळ

जळगाव,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. कोकिळाआत्याला,
मयुरीचा शि. सा. न.

तू अट घातलीस म्हणून हे पत्र. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी मी वाचणार नाही, काही सांगायचं असेल तर कागदावर लिही, असं तू फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर म्हणालीस आणि ग्रुपच सोडून गेलीस. पप्पा अजून हसतायत. शि. सा. न. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, हे मला शेजारच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं. हॉस्टेलच्या कॉटवर साष्टांग कसा घालायचा ते नाही सांगितलं, तर तू बसल्या बसल्या घेऊन टाक.

आता बातमी. आमच्या विद्यापीठात मुलींचं दुसरं मंडळ निघायचं चाललंय! आतापर्यंत एकच होतं, आमचं सखी मंडळ, हॉस्टेलच्या मुलींचं. मी त्याची सेक्रेटरी आणि मंतशा प्रेसिडेंट. मंतशा म्हणजे चोपड्याची, माझी सीनियर. तिने नुसतं बघितलं तरी मेसवाले काका वरणात जास्तीची डाळ घालतात. दुसरं मंडळ हवंय अप-डाउनच्या मुलींना, म्हणजे ज्या सकाळच्या गाडीने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जातात त्यांना. आमचे सगळे कार्यक्रम रात्री जेवणानंतर असतात, तेव्हा त्या बिचाऱ्या घरी भाकरी थापत असतात. नियम असा आहे की जुन्या मंडळाची हरकत नसेल तरच आमच्या रेक्टर ढाके मॅडम नव्याला परवानगी देतात. म्हणजे सगळं आमच्याच हातात!

मी तर एकदम तयार आहे. मी त्यांना नावपण सुचवलं, सिस्टर्स सर्कल. लोगोसुद्धा काढलाय. मंतशा मात्र म्हणते की खोली एक आणि मंडळं दोन, म्हणजे रोजची कटकट. तुझं मत काय? तू तर अर्धं आयुष्य मंडळात काढलंस.

तुझा लोभ आहेच, ज्वारीच्या बिबडे-पापडांचा डबा तेवढा संपलाय.

तुझी,
मयुरी


देवपूर, धुळे,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरीस,
कोकिळाआत्याचे अनेक आशीर्वाद.

नमस्कार पोचला. जरा वाकडा होता, पण घेतला. अक्षर तुझ्या बापावर गेलं आहे, त्याला इलाज नाही.

माझं मत विचारतेस तर सांगते, दुसरं मंडळ नको. आमच्या कॉलनीत एक मंडळ होतं तेव्हा सुखात होतो. मागच्या गल्लीतल्या बायकांनी दुसरं काढलं आणि आता संक्रांतीला एकीकडे तिळगूळ घेतला की दुसरीकडच्या बघत नाहीत. तुझे रतिलालकाका म्हणतात की पांझरेला पाणी नसलं तरी चालेल, धुळ्यात मंडळं दुथडी भरून वाहतात. सिस्टर्स सर्कल हे नाव वाचून त्यांनी अहिराणीत विचारलं की हे नर्सबायांचं शे का. मी म्हटलं, नाही, आपल्या मयुरीचं शे.

मला एक सांग. त्या मुलींना नक्की काय हवं आहे? तू पत्रात मंडळाला सुचवलेलं नाव लिहिलंस, तुझा लोगो लिहिलास, मंतशाची नजर लिहिलीस. त्या मुलींपैकी एकीचंही नाव मला वाचायला मिळालं नाही. मंडळ हवं आहे की आणखी काही, ते त्यांना विचारलंस का? नसेल तर जा आणि विचार. विचारताना तोंड मिटून ठेवायचं, तुला जमणार नाही पण प्रयत्न कर.

बिबडे काकांनी बांधून ठेवले आहेत, पप्पा इकडे आले की त्यांच्याबरोबर देते. आशीर्वाद मात्र लगेच पाठवते आहे, त्यांना डबा लागत नाही.

तुझी,
कोकिळाआत्या


जळगाव,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याला,
आज सरळ उभी राहून नमस्कार.

विचारलं. आधी मीच खूप वेळ बोलले, मग विचारलं, पण विचारलं.

तिचं नाव डिंपल. बोदवडची आहे, फिजिक्सला आहे आणि वर्गात पहिली येते. आई-वडील शेतात असतात, पण घरात शब्द चालतो आजोबांचा, गिरधर आबांचा. लेक्चर्स दुपारी एकला संपतात आणि तिची गाडी थेट संध्याकाळी. मधला वेळ या मुलींनी काढायचा कुठे? कॅन्टीनमध्ये बसलं की मुलं येऊन टेबलाभोवती उभी राहतात. लायब्ररीत डबा उघडता येत नाही. म्हणून त्या लायब्ररीमागच्या पायऱ्यांवर बसतात, आणि सावली सरकली की त्यापण सरकतात. आत्या, मी दोन वर्षं त्या पायऱ्यांवरून जातेय. मला वाटायचं त्यांना तिथे आवडतं!

आणि आबा तिला रोज विचारतात की तास एकला सुटतात तर गाडीपर्यंत तू असतेस कुठे. पायऱ्यांवर, असं सांगायची सोय नाही. मैत्रिणींबरोबर म्हटलं की कुठल्या मैत्रिणी, कुणाच्या घरी. आबा वाईट नाहीत, तिला बारावीला सायकल त्यांनीच घेऊन दिली. पण आता त्यांनी सांगितलंय की नीट उत्तर मिळालं नाही तर जानेवारीपासून जाणं बंद. मंडळ असलं की खोली मिळेल, आणि खोली असली की घरी सांगायला जागा असेल. एवढंच हवंय तिला. लोगोचं तिने काहीच विचारलं नाही.

मंतशाचं म्हणणंही मी तुला खरं खरं सांगते. तिची तक्रार फक्त खोलीच्या किल्लीची नाहीये. ती म्हणते की आज दोन मंडळं केली की त्या वेगळ्या आणि आपण वेगळ्या हे कायमचं होऊन बसेल, त्यापेक्षा त्यांनी आपल्यात यावं. मी म्हटलं, रात्री नऊला बोदवडहून कशा येतील? ती म्हणाली, ते तू शोध, सेक्रेटरी तू आहेस.

ढाके मॅडमनी सांगितलं की सह्या सगळेच करतात, मुली खरंच जमतात का ते मला दाखवा. मी लगेच ठरवून टाकलं! ७ डिसेंबरला, रविवारी, हॉस्टेलच्या मागे भरीत पार्टी. निवांत वेळ, कुणाचं लेक्चर नाही, मॅडमपण मोकळ्या. वांगी सांगितली, ती भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सांगितल्या. डिंपलला म्हटलं सगळ्यांना आण, ती हो म्हणाली. आता बघच तू.

लोभ आहे तसाच राहू दे, रविवारनंतर थोडा वाढवावा लागेल.

तुझी,
मयुरी


देवपूर, धुळे,
३ डिसेंबर २०२५

चि. मयुरीस,
आशीर्वाद, घाईघाईचे.

अगं वेडाबाई, रविवार कुठे काढलास? ज्या मुलीला कॉलेजच्या दिवशी दुपारचा हिशेब द्यावा लागतो, ती कॉलेज नसलेल्या दिवशी घरून काय सांगून निघेल? भरीत खायला जळगावला जाते, असं? बोदवडला वांगी पिकत नाहीत का? तू इंग्लिश शाळेत शिकलीस, पण रविवार तिथेही असेल ना.

पत्र मिळताच दिवस बदल. बुधवार घे, गुरुवार घे. काका म्हणाले फोन कर. मी म्हटलं, पत्राची अट मीच घातली, मीच कशी मोडू? त्यावर ते पाकिटाला तिकीट शोधायला उठले.

तुझी,
कोकिळाआत्या


जळगाव,
८ डिसेंबर २०२५

ती. आत्याला,
नमस्कार. आज खराखुरा साष्टांग, कारण मी तशीही आडवी पडलेय.

तुझं पत्र शनिवारीच आलं होतं. ते वॉचमनच्या खोलीत पडून राहिलं आणि आज सोमवारी मला मिळालं. काकांना माझ्याकडून चहा पाज.

काय झालं ते तू आधीच लिहिलंयस. पऱ्हाट्यांचा धूर वर गेला, वांगी भाजली, ठेचली, कळण्याच्या भाकरी झाल्या, ढाके मॅडम छान साडी नेसून आल्या, आणि अप-डाउनची एकही मुलगी आली नाही. एकही नाही गं. आम्ही हॉस्टेलच्याच मुली भरीत खात बसलो. मॅडमनी दुसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं आणि म्हणाल्या की शुक्रवारी मीटिंगमध्ये हा विषय संपवू. संपवू म्हणाल्या, आत्या. मंतशाने मला चिडवलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

आज डिंपल भेटली. मी जरा रागातच गेले होते. ती म्हणाली की रविवारी विद्यापीठ बंद असतं हे आमच्या गोठ्यातल्या म्हशीलापण माहीत आहे. मग तू हो का म्हणालीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, तू इतकी खूश होतीस की नाही म्हणायचं जिवावर आलं.

आणि आता खरी गोष्ट. गिरधर आबा स्वतः येणार आहेत बघायला, याच आठवड्यात. दिवस सांगितलेला नाही. आल्यावर दाखवायचं काय, पायऱ्या? मी ठरवलंय की मीच त्यांना भेटेन आणि सगळं नीट समजावून सांगेन. मुद्दे काढून ठेवलेत. बरोबर ना?

तुझी,
पोटभर भरीत खाल्लेली मयुरी


देवपूर, धुळे,
१० डिसेंबर २०२५

चि. मयुरीस,
आशीर्वाद. उठून बस आधी.

चहा पाजला. दोन वेळा मागितला.

आबांना तू भेटू नकोस. हात जोडून सांगते. म्हातारा माणूस जागा बघायला येतो आहे, मुद्दे ऐकायला नाही. तू बोलायला लागलीस की त्यांना वाटेल इथे काहीतरी लपवायचं आहे. मला तरी वाटलं असतं.

आणि मी पहिल्या पत्रात जे म्हटलं, त्यातलं थोडं परत घेते. थोडंच. आमच्या मागच्या गल्लीत ताईबाई म्हणून आहे, घरी शिवण करते. आमच्या मंडळात ती कधी आली नाही, आम्ही म्हणायचो फार गर्व आहे. काल बाजारात भेटली तर भाजी राहिली बाजूला, तिच्या नव्या मंडळाचंच सांगत बसली. तिथली अध्यक्ष तीच. मी विचारलं की आमच्याकडे का आली नाहीस. तर म्हणाली की तुमचं मंडळ संध्याकाळी भरायचं, तेव्हाच गिऱ्हाइकं कपडे न्यायला येतात. इतक्या वर्षांत आम्ही कुणी वेळ बदलू का म्हणून विचारलं नव्हतं. तिळगुळाचा राग मात्र माझा अजून आहे, तो तसाच राहील.

शुक्रवारी काय होईल ते होवो. तुझ्यावर जीव आहे, तुझ्या बडबडीसकट.

तुझी,
कोकिळाआत्या


जळगाव,
१६ डिसेंबर २०२५

ती. आत्याला,
नमस्कार, आज कुठूनही वाकडा नाही.

तुझं पत्र परत उशिरा आलं, पण मी तुझं न वाचताच ऐकलं. आबा गुरुवारी दुपारी आले आणि मी तेव्हा प्रॅक्टिकलला अडकले होते. म्हणजे मुद्दे खिशातच राहिले.

झालं ते मंतशाने सांगितलं, तेही अर्धं, उरलेलं वॉचमनकाकांनी. आबा हॉस्टेलच्या गेटपाशी आले, डोक्यावर टोपी, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. समोर मंतशा. त्यांनी विचारलं की पोरी, आमची डिंपल दुपारची कुठं बसते. आता बघ, ती सरळ पायऱ्या दाखवू शकली असती. ती कधी खोटं बोलत नाही, माझ्या वाढदिवसाचा केक कसा झालाय तेपण तिने खरं सांगितलं होतं. वॉचमनकाका म्हणतात की तिने एकदा पायऱ्यांकडे बघितलं, तिथे मुली उन्हातून सरकत होत्या. मग तिने किल्ली काढली, आमच्या मंडळाची खोली उघडली, आबांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली की इथे बसते, आबा.

आबांनी सगळं बघितलं. खिडकी, पंखा, पाण्याचा माठ. दाराला आतून कडी आहे ना ते दोनदा लावून बघितलं. आत कोण येतं, विचारलं. तर म्हणाली, वाजवल्याशिवाय कुणी नाही. ही खोली कुणाची, विचारलं. तर म्हणाली, दुपारच्या मुलींच्या मंडळाची. तेवढ्यात कुणीतरी डिंपलला पळत जाऊन सांगितलं, ती आली, तर आबा तिथे शेंगा सोलत बसलेले! ती गुपचूप शेजारी बसली आणि सोलायला लागली. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की जानेवारीचा पास काढून घे, आणि शेंगा सगळ्या पोरींना दे.

शुक्रवारी मीटिंगला मी भाषण पाठ करून गेले होते. मी उठायच्या आत मंतशा उठली. आमची हरकत नाही, दुपारी खोली त्यांची, रात्री आमची, दुसरी किल्ली करून द्या, असं म्हणून खाली बसली. ढाके मॅडम म्हणाल्या की पण मुली तर जमल्या नव्हत्या. मंतशा म्हणाली, मॅडम, तुम्ही उद्या दुपारी खिडकीतून पायऱ्यांकडे बघा, त्या तिथे रोज जमतात. मॅडमनी शनिवारी बघितलं आणि सही केली. मी नंतर मंतशाला विचारलं की तू तर विरोधात होतीस. ती म्हणाली की अजूनही आहे, पण म्हाताऱ्या माणसाला जे सांगितलं ते खोटं पडायला नको.

आता शेवटचं, आणि यावर तू किती हसशील ते मला माहीत आहे. काल त्यांची पहिली सभा होती. मी वेळेच्या आधी गेले, रजिस्टर, पेन, लोगो सगळं घेऊन. डिंपल दारातच भेटली. तिचे कान लाल झाले होते. म्हणाली की आम्ही नियम केलाय, सभासद फक्त अप-डाउनच्या मुली, हॉस्टेलच्यांना त्यांचं मंडळ आहे. नावपण ठरलंय, दुपार मंडळ. यावेळी तिने मला नाही म्हणून टाकलं. रजिस्टर घेतलं, लोगो परत दिला.

मी वर खोलीत जाऊन बसले. रडले नाही, थोडीशी. मंतशाला सांगितलं तर ती हसून हसून कॉटवरून खाली यायची राहिली. मग तिनेच शेंगा उकडून आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

आज दुपारी रजिस्टरवर मॅडमचा शिक्का घ्यायचा राहिला होता म्हणून मी खाली गेले. ही खोली मी दोन वर्षं ढकलून उघडतेय, चप्पलसुद्धा आतच काढायचे. आज दार लावलेलं होतं आणि आत हसण्याचा एवढा गोंधळ की विचारू नकोस. कोण काय सांगत होतं ते मला बाहेरून कळलं नाही. मी दार वाजवलं. आतून कुणीतरी म्हणालं की एक मिनिट थांब.

मी थांबले, आत्या.

लोभ असू दे, आणि बिबडे यावेळी दोन डबे पाठव. एक खाली द्यायचा आहे.

तुझी,
मयुरी