चकल्यांची कॅसेट

पप्पा, तुमचा आवाज मी पुसला. तुम्ही गेल्यावर दहाएक वर्षांनी, आईच्या सांगण्यावरून, तिच्या शेजारी बसून.

द्वारका चौकाजवळ तुमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. पार कळवण-नामपूरची लग्नं तुमच्याकडे यायची. घरी मात्र तुमचा कॅमेरा आईच्या मागे लागायचा. नव्वदनंतरची ती दिवाळी. मी सासरहून आले आहे, आई ओट्याशी चकल्या तळते आहे, आणि तुम्ही दारातून शूटिंग करत बोलता आहात, "बघा मंडळी, आमची म्हैस तेलात उतरली. अगं, पोट आत घे, फ्रेममध्ये मावत नाहीस!" मग कॅमेरा माझ्याकडे वळतो आणि त्याच तोंडातून किती मऊ येतं, "बेटा, इकडे बघ." मी तुमची लाडकी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बूट तपासायच्या म्हणून रविवारी माझ्या कॅनव्हासच्या बुटांना तुम्ही पांढरा रंग लावून उन्हात ठेवायचात. बोटांना लागलेला रंग माझ्या नाकाला पुसायचात. त्या हातांवर माझं फार प्रेम होतं.

पुढे दर दिवाळीला, फराळाला आलेल्यांना तुम्ही ती कॅसेट दाखवायचात. लोक हसायचे. आई पदर तोंडाला लावून चहा आणायची. मला वाटायचं, तीही हसते आहे.

एकदा तिने ती पुसायला घेतली. कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली की येतं, हे तिने दुकानात तुमच्याच हातून पाहिलं होतं. भर दुपारी तिने पट्टी लावली आणि टीव्हीवरचा शेतीचा कार्यक्रम वरून भरला. त्या दिवाळीत पाहुण्यांसमोर कॅसेट लागली, तर पडद्यावर कांद्यावरचा करपा. आई पहिल्यांदाच चहा न आणता तुमच्या शेजारी खुर्चीवर बसली होती. तुम्ही जराही चिडला नाहीत. कपाटातून दुसरी काढलीत. "मंडळी, धंद्यात आहे मी, कॉपी ठेवल्याशिवाय झोपत नाही. बाईसाहेबांना वाटलं, म्हैस गेली शेतात!" केवढे हसले सगळे. आई उठून चहा टाकायला गेली.

तुम्ही गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने हौसेने सगळे फोटो आणि कॅसेट एका हार्ड डिस्कवर उतरवून दिल्या आणि तो परत परदेशी गेला. डिस्कचे त्याने दोन भाग केले होते. एकात आईच्या माहेरचे फोटो आणि तिच्या वारलेल्या बहिणीच्या आवाजातल्या ओव्या. दुसऱ्याला नाव 'पप्पा'. आईने थोडा वेळ स्वतःला चकल्या तळताना पाहिलं. "हे पूस," ती मला म्हणाली.

फोनवर धाकटा कळवळला. "अगं आई, पप्पांचा आवाज आहे त्यात!"

"म्हणूनच."

"पण तू तर हसायचीस."

"तोंड झाकत होते, बाळा."

त्याने फोन मला द्यायला सांगितला. मग त्यानेच मला समजावलं, "ताई, नुसतं डिलीट केलेलं परत निघतं. त्या पूर्ण भागावर शून्यं भरावी लागतील. आणि आईचा भाग आधी दुसरीकडे कॉपी कर." मी कॉपी केली, मावशीच्या ओव्या लावून पाहिल्या. मग भागाचं नाव पाहिलं, आकार पाहिला, पुन्हा नाव पाहिलं. चुकून मावशी पुसली गेली असती, तर मेल्यावरही तुम्हीच जिंकला असता. आईने तोवर तुमच्या मूळ कॅसेटींच्या फिती कात्रीने कापून परातीत टाकल्या होत्या. शेवटी तिने धाकट्याला फोन लावायला लावला आणि एवढंच विचारलं, "तुझ्याकडे कॉपी नाही ना?"

"नाही गं आई. शपथ."

मी बटण दाबलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. ती भरेपर्यंत आई खुर्चीवरून हलली नाही. मग म्हणाली, "आज चहा तू कर."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. त्या 'बेटा'साठी मी पुढे कधीतरी रडेन अशी माझी खात्री होती. काल तो आठवून पाहिला. शब्द आला, आवाज आलाच नाही. वाईट वाटेल म्हणून थोडी थांबले. मग कणीक मळायला घेतली.