आमचा भाऊ गेला, तू नव्हे

दिंडोशी, रविवार

प्रिय दादा,

लांबूनच पायांवर डोकं ठेवतो. वहिनीला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माडांना अजून स्वतःच पाणी लावतोस का? मुख्य म्हणजे तू जिवंत आणि खुशाल असशील, अशी माझी पक्की खात्री आहे. (हे नेहमीपेक्षा जास्त जोर देऊन लिहितोय. कारण पुढे कळेल.)

मंगळवारी आमचा भाऊ गेला. म्हणजे कुत्रा. आमच्या एकुलत्या जान्हवीला सख्खा भाऊ नाही, म्हणून शाळेत असताना तिने त्या पिल्लाला राखी बांधली आणि तेच नाव चिकटलं, हे तुला ठाऊक आहे. (तू आमच्याकडे आला होतास तेव्हा "कुत्र्याक सोफ्यार बसवतंस आणि माका चटईर?" म्हणून भडकला होतास. त्याला उठवायची माझी हिंमत नव्हती, तुला उठवायची होती, एवढंच.) म्हातारा झाला होता, किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ द्या. त्याला काहीच आवडेना. जन्मभर "माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही" म्हणून त्याच्यावर ओरडणाऱ्या आमच्या हिने, म्हणजे प्रेमाने, ओट्याखालीच त्याची गादी घातली आणि बांगड्याचे काटे काढून, भात कुस्करून त्याला बोटाने भरवत बसली. मंगळवारी सकाळी त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही. आणखी झाल्या, तरी उठली नाही. मी गॅस बंद करायला गेलो, तेव्हा मला कळलं.

मला काही सुचेना. घरच्यांच्या ग्रुपवर कळवावं म्हणून "भाऊ आज सकाळी गेला" एवढंच टाइप केलं. चष्मा नव्हता. ते गेलं आपल्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवर.

थोड्याच वेळात मंडळाचा अंबादास हार घेऊन दारात. मला मिठीच मारली. मला वाटलं, काय माणूस आहे, कुत्र्यासाठी घाटकोपरहून आला! मी त्याच्या खांद्यावर ढसाढसा रडलो.

"धीर धर, तुळशीदास. हट्टी होता, पण मनाने साफ," तो म्हणाला.

"हट्टी तर होताच," मी म्हणालो.

"शेवटी त्रास झाला का रे?"

"नाही. प्रेमाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला."

अंबादासचा चेहरा कसातरीच झाला. (का, ते मला तेव्हा कळलं नाही.) मग त्याने चाचरत विचारलं, "गावाहून त्याला कधी आणलेलंस?"

"गावचा कुठला? नाक्यावर सापडला होता. भिजून कुडकुडत होता."

अंबादास खुर्चीत बसला. मग तुझ्याबद्दल बोलायला लागला. आपले बाबा गेले तेव्हा तू शाळा सोडलीस, माझी फी भरलीस, दशावतारात राजा झालास आणि तलवार घरी विसरलास, सगळं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तरी मी रडतच होतो आणि ते नेमकं कोणासाठी, हे माझं मलाच कळेनासं झालं, दादा.

आतून प्रेमा आली. "अहो, कुत्रा गेलाय. भावजी ठणठणीत आहेत!"

अंबादासने हातातल्या हाराकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालतो. तो उठून आत गेला, भावाच्या गळ्यात हार घातला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत खाली फरशीवर बसून राहिला.

आता चिंगीचं सांगतो. (ही आमची दुसरी कुत्री. भावानेच हिला जिन्यातून घरात आणलं.) लिफ्टचं दार वाजलं की ती धावते, बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला हुंगते आणि परत येऊन त्याच्या गादीच्या शेजारी बसते. गादीवर बसत नाही. तिला कसं सांगायचं, कळत नाही. मंडळाच्या ग्रुपवर निदान खुलासा तरी टाकता आला.

तब्येतीला जप. खरंच जप.

तुझा धाकटा,
तुळशीदास

ता. क. खुलासा सगळ्यांनी वाचलेला नाही. बाजारात तुला बघून कोणी दचकलं, तर रागावू नकोस.

ता. क. दुसरा. त्याची रक्षा आहे. इथे समुद्र जवळ आहे, पण प्रेमा म्हणते, तो पाण्याला घाबरायचा. आपल्या परसात रतांब्याच्या झाडाखाली हातभर जागा देशील का? तू नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही. सावकाश विचार कर.

ता. क. तिसरा. सावकाश जमणार नाही. पत्र जान्हवीच्याच हाती पाठवतोय, म्हणजे आत्ता ती तुझ्यासमोर उभी असेल. तू घ्यायला गेलास तरी तिने जी पिशवी सोडली नाही, तीत तो आहे. आधी तिला पाणी दे. मग कुदळ काढ.