नियमाप्रमाणे छाटणी

३ जून
आज मेंदूच्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली कामावर रुजू झालो. स्वच्छ खोली, मोठी खिडकी, माझी स्वतंत्र खुर्ची! संगणकावर माझ्याच मेंदूची नक्कल वाढते. पेशींना धागे फुटतात, चाचपडत दुसऱ्या पेशींना चिकटतात. दोन दिवस न उजळलेला धागा मी कापायचा. रोज सकाळी अर्धा तास तारांची टोपी घालायची. ती फक्त वाचते, असे सर म्हणाले. सरांच्या शर्टाची बटणे वरखाली लागली होती. एवढे शिकून काय उपयोग! मी आठवी नापास, पण माझे काम चोख असते. ताईला फोन केला. आईमागे तिनेच मला वाढवले. फार हरखली.

७ जून
इथल्या तंत्रज्ञ बाई एकही धागा धड कापत नाहीत. आळसाला सावधगिरी म्हणतात. मी आज चारशे बारा कापले. धाग्यांचा एक जाड जुडगा दोन दिवस अंधारात होता. बाई म्हणाल्या, थांबा, ज्याची आठवण निघत नाही ते उजळत नाही. मी त्यांना नियम वाचून दाखवला आणि कापला. कामात ताईला फोन राहिलाच.

१० जून
फाटकाशी एक बाई रडत होती. म्हणे मला हिने वाढवले. असले लोक बरोबर पत्ता काढतात. पहारेकऱ्याकडून घालवून दिली. जाताना म्हणाली, "बाळ्या, तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते रे तुला." अभिनय सुमार.

११ जून
ही वही मागे वाचली. 'ताई' लिहिले आहे. अक्षर माझे. ताई कोण?
तंत्रज्ञ बाईंना विचारले. त्यांनी सांगितले, टोपी नुसती वाचत नाही. नकलेत कापलेले ती माझ्या डोक्यातही उतरवते — दोन्हींचा मेळ राहावा म्हणून. सर सांगायला विसरले. विसरले!

१२ जून
वहीच्या मागच्या पानावर 'ताई' लिहिलेल्या नंबरवर फोन केला. फाटकावरचीच बाई. ती तापाची गोष्ट पुन्हा सांगत राहिली; नकलेलाही ऐकू जावी म्हणून फोन संगणकाला धरला. पडद्यावर एक बारीक धागा फुटला. तो डोक्यात उतरवायचा तर टोपी घालावीच लागेल.

१३ जून
टोपी घातली. धागा उजळला — ताई! कपाळावरची ओली पट्टी, तिचा हात —
पण नक्कल आता स्वतःच कापते. सर खूश आहेत. म्हणाले, "तुमच्याकडूनच शिकली. तुमच्याइतकं काटेकोर इथे कुणी नव्हतं." दोन दिवसांचा नियम तिने दोन मिनिटांवर आणला आहे.
लिहीत राहिलो तर उजळत राहील. ताई. ताप. मांडी. ताई.
इतर धागे जात आहेत. टोपी काढायला हात — हात कसा उचल—
ताई. ताप. मांडी. ता