मांजराच्या थंडीबद्दल विचारलंस म्हणून

१४ डिसेंबर, रविवार दुपार

ती. दादास,
सा. नमस्कार, वि. वि.

डोळ्यांचं ऑपरेशन नीट झाल्याचं फोनवर कळलं. तीन आठवडे वाचायचं नाही, वाकायचं नाही, लाकडाच्या भुशात जायचं नाही, म्हणजे तुझं फ्रेमचं दुकानही बंदच. "वहिनीच सगळं वाचून दाखवते, मी आपला राजासारखा पडून असतो," म्हणालास. म्हणून अक्षर मोठं काढते आहे. वहिनींना अडखळायला नको.

मी ठीक आहे. शिलाईच्या दुकानात जॅकेटांचा ढीग पडलाय. चेन तुटली आहे हे लोकांना पहिला बर्फ पडल्यावरच कळतं.

आता मांजराचं. वहिनींनी पिल्लू आणलंय, त्याला थंडीत कसं जपायचं ते लिहून पाठव, तुला त्यातलं कळतं, असं म्हणालास. कळतं खरं, तर ऐक. लाकडी खोकं घ्यायचं, विटांवर ठेवून जमिनीपासून चार बोटं उंच. तोंड दाराकडे नको, वारा येतो. आत लोकरीचं काहीतरी घालायचं, सुती नको, ते एकदा ओलं झालं की वाळत नाही. पाणी दोनदा तरी बघायचं, गोठतं. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते पायांना झोंबतं आणि चाटलं तर पोटात जातं, म्हणून बाहेरून आलं की पंजे कोमट पाण्याने पुसायचे. हीटरला चिकटून झोपू द्यायचं नाही. आणि कान हाताला गार लागले की त्याला घरात घ्यायचं. घरात म्हणजे घरात. दुकानामागे नाही.

हीच यादी मागच्या जानेवारीत मी मापाच्या चिठ्ठीमागे लिहून तुझ्या हातात दिली होती. पित्ताच्या खड्यांसाठी मी नऊ दिवस दवाखान्यात होते आणि ढोल्या तुझ्याकडे होता. अंगाने काडी, नाव ढोल्या. बारा वर्षांचा, मागचे पाय आखडलेले, मी शिवलेला कोट घालून ऐटीत हिंडणारा माझा कुत्रा. तिसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणालास, "ढोल्याची सोय केली आहे, तू निवांत पड." सोय म्हटल्यावर मला खोकं दिसलं, लोकर दिसली. भाऊ असावा तर असा, हे मी नर्सला सांगितलं.

घरी आल्यावर तू सांगितलंस की वहिनींनी मागच्या दाराची कडी लावली नाही, तो बाहेर गेला आणि गारठून मेला. मी ते खरं मानलं.

गेल्या मंगळवारी एक नळवाला चेन बदलून घ्यायला आला. मी कोणाची बहीण हे त्याला कुठून माहीत असणार. मशीन चालू असताना गप्पा मारत बसला. "मागच्या थंडीत एका फ्रेमवाल्याकडे पाइप फुटला म्हणून गेलो," म्हणाला, "तर दुकानामागे पाइपाला कुत्रं बांधलेलं. मेलेलं. अंगात निळा कोट, तीन बटणं काळी नि एक तपकिरी. गाठ इतकी गोठली होती की पकडीने दोर तोडावा लागला. मालक म्हणाला, ओल्या वॉर्निशवर केस चिकटत होते म्हणून दोन तास बांधला नि विसरून गेलो. बायकोला सांगू नका म्हणाला."

तपकिरी बटण मीच लावलं होतं, चौथं काळं मिळालं नाही म्हणून. नळवाल्याची चेन मी बसवून दिली. शिलाई सरळ आली.

इथे तू म्हणशील, "राहू दे, बाकीचं नंतर वाच." वहिनी, थांबू नका. पाणी प्या आणि पुढे वाचा.

विसरलास, हे मी एक वेळ गिळलं असतं. पण ती सोय तुझ्या वॉर्निशची होती, ढोल्याची नव्हती. आणि तो मेला तर तू त्याला बायकोच्या गळ्यात बांधून मोकळा झालास. जिन्यात, चार बिऱ्हाडांसमोर मी वहिनींना म्हणाले, "ज्या बाईला कडी लावता येत नाही तिने संसार तरी कशाला मांडावा?" तू शेजारीच होतास, खालची पायरी बघत. त्यांची आई गेली तेव्हा मी भेटायलासुद्धा आले नाही. त्यालाही तू "बरोबरच आहे तुझं" म्हणालास. "हल्ली तिला वेडच लागलंय, झोपायच्या आधी तीन-तीनदा कडी तपासते," हे तू मला फोनवर हसत सांगितलंस, आणि मीही हसले. चोर तो चोर, वर शिरजोर, आणि मी तुझी टाळकरी.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू ते तिथेच जिरवलं असतंस. घरी येऊन बोलले असते तर तू दुकानात पळाला असतास. आता पळता येत नाही. डोळे मिटून पडायचं आणि जिच्यावर ढकललंस तिच्याच तोंडून शेवटपर्यंत ऐकायचं. डॉक्टरांनी म्हणे रडायलाही मनाई केली आहे. ती मनाई नीट पाळ.

वहिनी, यापुढचं मोठ्याने वाचू नका, हे फक्त तुमच्यासाठी आहे. कडी तुम्ही लावली होती. वर्षभर तुमचाच तुमच्यावर विश्वास उरला नव्हता, गेला त्यातला अर्धा मी काढून घेतला. माफ करा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. पिल्लाला घेऊन इकडे या. मधली खोली उबदार आहे, थंडी सरेपर्यंत राहा, नंतरही राहा. दादाच्या डोळ्यांत दर चार तासांनी थेंब घालावे लागतात ते मला माहीत आहे. ते कोण घालील याची काळजी त्याला करू द्या.

दादाला नमस्कार सांगू नका.

वर्षभर चुकीच्या माणसावर रागावलेली,
तुमची नणंद