तुझा ‘ओ’ खरा नव्हता

आई, गेल्या महिन्यात मामाचं खुब्याचं ऑपरेशन होतं. तुझा धाकटा भाऊ, त्याचे केस आता सगळे पांढरे झालेत. बागेत घसरून पडला. पनवेलच्या हॉस्पिटलात नेला, सगळं ठरलं आणि रक्तावरून अडलं. मामाचा गट ओ, पण ओची एकही पिशवी त्याच्या रक्ताशी जुळेना. मी बाहेर बाकावर बसले होते. रक्तपेढीतल्या तरुण डॉक्टरांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, “यांची सख्खी भावंडं कोण कोण आहेत?” मी म्हटलं, “एकच बहीण होती. माझी आई. ती जाऊन तीस वर्षं होत आली.” तेव्हा तू माझ्या मागे उभी होतीस असं मला वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सोललेल्या ओल्या सुपारीचा तो तुरट वास आला, तुझ्या बोटांना असायचा तो, आणि मी मागे वळून बघितलं नाही.

मी नववीत होते. शाळेत रक्तगट तपासायचं शिबिर झालं आणि माझा निघाला बी. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर तक्ता काढला. आईचा हा, बाबांचा तो, तर मुलाचा कोणता. ओ आणि ओ असेल तर मूल ओच, दुसरं काही होऊच शकत नाही, असं म्हणून त्यांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. बाबांचा ओ होता हे अख्ख्या श्रीवर्धनला माहीत होतं. गणपतीत रक्तदान झालं की ते छाती पुढे काढून सांगायचे, “माझं रक्त कुणालाही चालतं.” तुझा ओ मी माझ्या धाकट्या भावाच्या वेळच्या तुझ्या बाळंतपणाच्या कार्डावर वाचला होता, भावाचाही तिथंच. माझ्यासाठी हे नुसतं सुटलेलं गणित होतं. मला ते कधी एकदा घरी जाऊन सांगते असं झालं होतं.

तिन्हीसांजेची वेळ आहे. तू चुलीपुढे सुकटीची भाजी हलवते आहेस. बाबा टेम्पो लावून नुकतेच जेवायला बसलेत आणि म्हसळ्याहून आत्या आलेली आहे. मी वही घेऊन येते आणि हसत सांगते, “बाबा, तुमचा ओ, आईचा ओ, मग मी बी कशी? मी तुमची नाहीच मुळी!” आत्या भाकरी मोडता मोडता थांबते. “काय बोललीस? परत सांग.” आणि मी परत सांगते, आई. वही तिच्यापुढे धरून, तक्त्यावर बोट ठेवून, नीट समजावून सांगते. मी व्हायच्या आधीचं वर्षभर बाबा मुंबईत गोदामात कामाला होते आणि महिन्यातून एकदा घरी यायचे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आत्याला ठाऊक होतं. बाबांनी ताटात हात धुतला आणि ते उठले. तू माझ्याकडे न बघता एवढंच म्हणालीस, “सरक बाय, भाजी लागंल.”

बाबांनी तुझ्यावर हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे वाटायचं. ते फक्त कमी बोलू लागले. मला टेम्पोतून बंदरावर न्यायचे ते बंद झालं. भावाला नेत राहिले. मग एके दिवशी सकाळी त्यांनी आपल्या तिघांना माणगावच्या लॅबमध्ये नेलं, पुन्हा तपासायला. तुझं रक्त काढलं, माझं काढलं, त्यांचं काढलं. दुपारी चिठ्ठी मिळाली. ओ, बी, ओ. परत येताना टेम्पोच्या पुढच्या सीटवर मी मधे बसले आहे, एका बाजूला तू, एका बाजूला बाबा. म्हसळ्याला बाबा डिझेल भरायला उतरतात तेव्हा तू काचेतून बाहेर बघत म्हणतेस, “मशीन खोटं बोलत न्हाय म्हणतात. मी पण न्हाय बोलत. मग कोण बोलतंय गो?” तू ते मला खरोखर विचारत होतीस. घरात शिकलेली मीच होते. मी मांडीवरच्या चिठ्ठीची घडी घालत राहिले.

त्या सगळ्यावरून तू मला एकदाच बोललीस, तेही कितीतरी महिन्यांनी. मी सुपाऱ्या सोलायला तुझ्याबरोबर बागेत आले होते. “शिकलीस ते चांगलंच हाय,” तू म्हणालीस, “पण घरात बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलावं.” बस्स. एवढ्यावर तू विषय सोडलास, आणि मीही सोडला असं तुला वाटलं असेल. मी आरशात बाबांचं नाक शोधायचे. कधी सापडायचं, कधी नाही.

मी बारावीत असताना तुला अंगावरून रक्त जायला लागलं. तू ते किती दिवस लपवलंस कोण जाणे. पहाटे विहिरीवर तुला कपडे धुताना मी पाहिलं आणि जबरदस्तीने डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, गर्भाची पिशवी काढावी लागेल, रक्त चढवावं लागेल, घरातल्या माणसांना तपासायला घेऊन या. घरातल्या माणसांना, हे शब्द ऐकून तू उठलीसच. “रक्ताचं न्हाय काय करायचं. गोळ्या द्या.” मी रडले, मामा येऊन भांडून गेला. तू ऐकलं नाहीस. पुन्हा सगळ्यांची रक्तं काढायची, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा ती सगळी तोंडं, हे तुला नको होतं. तू कागदासारखी पांढरी पडत गेलीस आणि पौषात एका दुपारी, पाणी मागितलंस, ते मी आणेपर्यंत गेलीस.

रक्तपेढीतल्या त्या डॉक्टरांनी मला सांगितलं, “तुमच्या मामांचा गट ओ नाहीच. साध्या तपासणीत तो ओ दिसतो एवढंच. याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव. आपल्या कोकणपट्टीत त्यातल्या त्यात जास्त आढळतो.” मग त्यांनी समजावलं. ए किंवा बी ज्या खुंटीवर अडकतात ती खुंटीच या लोकांच्या रक्तात नसते. आत बी असला तरी तो अडकणार कुठे? म्हणून दिसत नाही. पण मुलात उतरतो.

मी विचारलं, “आणि मुलाला वडलांकडून खुंटी मिळाली तर?”

“तर मुलाचा बी दिसणार.”

“आई-वडील दोघं कागदावर ओ असतानासुद्धा?”

“हो ना. पूर्वी यावरून घरं मोडलीत, मॅडम,” ते चष्मा पुसत म्हणाले. मग मी विचारलं, अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं असतं तर? ते म्हणाले, “जिवावर बेतलं असतं.” म्हणजे तू ऑपरेशनला हो म्हणाली असतीस तर कदाचित त्या रक्तानेच गेली असतीस. किंवा कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं असतं, त्याने बाबांना बोलावून सांगितलं असतं, आणि तू मान वर करून घरी आली असतीस. मी रोज यातलं एक निवडते. दुसऱ्या दिवशी ते टिकत नाही.

मामाला लांबून एका दात्याचं रक्त मिळालं. आता तो काठी घेऊन चालतो. डॉक्टरांनी माझं रक्त घेऊन जनुकांची तपासणी करवली. बिनखुंटीचं एक जनुक माझ्यातही आहे, तुझ्याकडून आलेलं. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, बाबाही गेले, आता हे त्यांना कोण सांगणार?”

मी दहावीला आनुवंशिकता आणि उत्क्रांती शिकवते. हो, तोच तक्ता मीही काढते. मागच्या वर्षी आमचं प्रशिक्षण झालं, त्यात नवीन शोध सांगितले. माकडापासून माणूस असा एका रांगेत चालत आलेला नाही म्हणे. माणसांच्या कितीतरी जाती एकाच वेळी होत्या, एकमेकींत मिसळल्या. ए आणि बी तर माणूस माणूस होण्याच्याही आधीपासून चालत आलेत, आजच्या वानरांतसुद्धा आहेत. आणि हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या नीअँडरथल माणसांचे रक्तगट आता त्यांच्या हाडांवरून वाचता येतात. मी ते वहीत उतरवून घेतलं. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. कुठल्या गुहेतल्या अनोळखी बाईचा रक्तगट आज सांगता येतो, आणि तुझी हाडं मी मडक्यातून हरिहरेश्वरला नेली, बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि लाटेने ती घेतली. तुझ्या बाजूने बोलेल असं तुझं काहीच मी ठेवलं नाही. परवा वर्गात ओ आणि ओच्या ओळीपाशी खडू थांबला. मागच्या बाकांपाशी कुणीतरी उभं होतं. मुली म्हणाल्या, “बाई, पुढे?” मी फळा पुसला आणि त्यांना तुझी गोष्ट सांगितली, तू कोण ते न सांगता.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आणि भावालाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. हे मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा कळलं, असं मी त्याला फोनवर सांगितलं. ते खरं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकात या गटावर चार ओळी होत्या. मी त्या परीक्षेत लिहिल्या, मला मार्कही मिळाले. तेव्हा बाबा होते. त्यानंतर पाच वर्षं होते. शेवटच्या आजारात त्यांनी मला विचारलंसुद्धा, “तुझी आई तुला कधी काही बोलली होती का गं?” मी नाही म्हटलं. त्या चार ओळी मी त्यांना सांगू शकले असते, मामाचं रक्त तपासायला नेऊ शकले असते. नेलं नाही, कारण तपासून तसं काही निघालं नसतं तर काय, ही भीती मला होती. आई, तुझ्यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नव्हता.