माझा बायोडाटा ग्रुपवरून काढा

अण्णा,

तुम्हाला झोप लागली होती, उठवलं नाय. मी पहिल्या शिफ्टला शेंद्र्याला कंपनीत चालले. पोळ्या डब्यात आहेत, वरण तेवढं गरम करून घ्या.

काल मी बोलले नाय म्हणून तुम्हीपण नीट जेवला नाय. राग तुमच्यावर नव्हता. तुम्ही लग्नाच्या ग्रुपवर टाकलेल्या माझ्या बायोडाट्यात माझा फोटो, नंबर, मुकुंदवाडीचा पत्ता, कंपनीचं नाव, सगळंच आहे. आत्यानं तो पुढं कुठं कुठं पाठवला देव जाणे. काल एक अनोळखी माणूस कंपनीच्या गेटवर उभा होता. "मंजुषा ना? फोटोपेक्षा बऱ्या दिसता," म्हणाला. मी वॉचमनकाकांना हाक मारली, तसा सटकला. तुम्ही घाबरू नका.

जिथून निघतो तिथून तो बायोडाटा काढा, बाकीचं मी आल्यावर बघू. तुमच्या फोनवर नवा पाठवलाय. त्यात माझं नाव, शिक्षण आणि तुमचा नंबर, बस. ज्याला पुढचं विचारायचंय त्यानं आधी तुमच्याशी बोलावं. फोटो मागितला तर म्हणा, घरी या, चहा घ्या, पोरगी समोरच बघा.

तो जुना फोटो तुम्ही आपल्या दोघांच्या फोटोतून कापला होता ना? माझ्या खांद्यावर तुमची बोटं तशीच राहिलीत. त्या माणसानं फोटो लई निरखून बघितला असंल, पण ती बोटं काय त्याला दिसली नाय.

मंजू