कपाटातला स्वॉच

सोमवार

सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडून कापड रंगवण्याच्या कारखान्यात तुकडे कापतो म्हणून टोमणे मारतेस ना, मग थोडं इंग्रजी माझ्याकडून शीक. धान्याचा, साबणाचा नमुना म्हणजे सॅम्पल. कापडाच्या नमुन्याला म्हणायचं स्वॉच. पूर्वी इंग्लंडच्या उत्तरेकडे कापड रंगवायला देताना त्याला खुणेची पट्टी बांधत, तिचं हे नाव. पट्टी गेली, शब्द तुकड्याला चिकटला. त्याआधी तो कुठून आला, कुणालाच ठाऊक नाही.

हे मला तिनं शिकवलं. ती, रंग जुळवणारी. तिच्यावर बालंट आलंय. निळा चुकला म्हणून गिऱ्हाईक पडदे परत आणून भांडतंय. गुरुवारी मालक कपाटातला, गिऱ्हाइकानं पसंत केलेला स्वॉच काढून पडद्याशी लावणार. जुळला नाही तर तिची नोकरी गेलीच. माझं डोकं फिरलंय. त्या पडद्याचाच कोपरा कापून स्वॉचच्या जागी ठेवतो, मग बघू कोण बोलतं! भाओजींना सांगू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
तोफ

बुधवार

चि. तोफेस, अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ताच मिळालं. अरे, तुला वकीलपत्र कुणी दिलं? तिला विचारलंस तरी का? प्रेमात पडलायस, विहिरीत नव्हे. जरा डोकं वर काढून बघ. कपाटाला हात लावशील तर माझी शपथ आहे. जेवत जा, आणि उलट टपाली कळव.

तुझी,
ताई

शनिवार

सौ. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. बुधवारीच मी तिच्या टेबलाच्या खणातून कपाटाची किल्ली काढून तुकडा बदलला होता.

गुरुवारी मालकांनी तो पडद्याला लावून खिडकीच्या उजेडात धरला. तंतोतंत जुळला. मी मनात उड्या मारतोय, तोच त्यांनी तो उलटा केला. पसंतीच्या स्वॉचमागे गिऱ्हाइकाची सही असते. माझा तुकडा कोरा. किल्ली तिच्याकडे, म्हणून गिऱ्हाईक ओरडलं की हिनंच लबाडी केली. ती पांढरीफटक पडली.

खरा तुकडा माझ्या खिशात होता. तिच्या हातचा, टाकवेना. टेबलावर ठेवला आणि सगळं बोलून टाकलं. मागे सही होती, आणि पुढे अगदी पडद्याचाच निळा. ती चुकलीच नव्हती, ताई! गिऱ्हाइकानं मान खाली घातली. मला मालकांनी तिथल्या तिथे काढलं.

जिन्यात तिनं थांबवलं. मला वाटलं, आभार मानेल. किल्लीचा राग नाही म्हणाली. फक्त विचारलं, की खिशात घालण्याआधी तो तुकडा एकदा पडद्याशी लावून बघावा असं मला वाटलंच नाही का.

नव्हतं गं वाटलं.

बुधवारी तुझ्या घरी येतोय. हवं तेवढं रागाव, पण दार उघड.

तुझा